काकूंचं अडलेलं ‘नाही’

कवळ्या बनवण्यात काकूंचा हात धरणारं कोणी नव्हतं. मेणात दात असे बसवायच्या, की म्हाताऱ्याच्या बायकोने म्हणावं, “लग्नातसुद्धा एवढे बरे दिसत नव्हते हो!” पण परक्या देशात आल्यापासून त्यांना नोकरी काही मिळेना. काकांना लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीने व्हिसा देऊन बोलावलं होतं, आणि काका त्या नोकरीत असेपर्यंत काकूंनाही कुठेही काम करायची मुभा होती. कागद पक्के होते. घोडं अडत होतं ते काकूंच्या जिभेवर.

मुलाखतीत सगळेच विचारत, इथे काम करायची परवानगी आहे का? काकू म्हणत, “आहे.” मग पुढचा प्रश्न यायचा: पुढेमागे आमच्याकडून व्हिसा लागेल का? इथे गाडी रुतायची. उद्याबद्दल छातीठोक ‘नाही’ म्हणणं म्हणजे नशिबाला डिवचणं, असं काकूंचं ठाम मत. लग्नात “सुखी राहशील हो,” म्हणणाऱ्या मामांनाही त्यांनी “बघू या,” असंच उत्तर दिलं होतं. कवळ्या बनवणाऱ्या तीन लॅबमध्ये त्या म्हणाल्या, “माणसाला कधी काय लागेल, कोणी सांगावं?” व्हिसाची खटपट नको, म्हणून तिन्हीकडून नकार आला.

काका वैतागले. “अगं, नाही म्हण! दोन अक्षरं!”

“आणि उद्या लागला तर? खोटी पडेन ना मी.”

“का लागेल? माझी नोकरी काय पळून चाललीय?”

काकूंनी नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि इस्त्री करायला घेतली.

चौथ्या लॅबची मालकीणबाई तुटक बोलणारी. हात प्लास्टरच्या भुकटीने पांढरे. “पुढेमागे व्हिसा लागेल?”

“नाही,” काकू म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण अंगाला दरदरून घाम फुटला. मालकीणबाई पगाराचं बोलणार, तोच काकूंच्या तोंडून निसटलं, “म्हणजे, ह्यांची नोकरी टिकली तर. डोकं फार तापट आहे हो ह्यांचं.”

“किती तापट?”

“मागच्या साहेबाला लिफ्टमध्ये कोंडलं होतं. वर ‘दुरुस्ती चालू आहे’ अशी पाटी लावली.”

मालकीणबाई इतक्या हसल्या, की डोळे पुसताना गाल पांढरे झाले. “सोमवारपासून या,” त्या म्हणाल्या. “तुम्ही खोटं बोलूच शकत नाही, हे कळलं. वेळ आलीच तर व्हिसाचं वकिलाला विचारू.”

वेळ आली. वर्षभराने काकांनी साहेबाच्या टेबलावर राजीनामा आपटला. वकिलाने कागद नाचवले, मालकीणबाईंनी सह्या केल्या आणि काकूंना लॅबचा व्हिसा मिळाला. आता काकाच बायकोच्या व्हिसावर राहतात, दुसऱ्या कंपनीच्या लिफ्ट दुरुस्त करतात. मालकीणबाईंचा फोन आला, की मात्र ते उभं राहून, शर्टाचं वरचं बटण लावून बोलतात.