माझ्या जागी वाळूच्या गोण्या

"दगड कशाला शोधताय? हा म्हातारा हाय ना. ह्याला चढवा वर."

धाकट्या शेठने बोट माझ्याकडे केलं. सगळे हसले. मी चढलो.

काल्हेरला गोदामांच्या मागे शेठचं क्रिकेटचं मैदान आहे. लग्नसराईत त्याच्यावर गाड्या उभ्या करतात. जमीन घट्ट होते, गवत पिवळं पडतं. म्हणून ट्रॅक्टरच्या मागे लावायचं यंत्र आणलं. लोखंडी रूळ, त्याला बोटाएवढे खिळे. रूळ फिरला की जमिनीत भोकं पडतात, मुळांना हवा-पाणी मिळतं. पण खिळे घुसायला वर वजन लागतं. त्यासाठी रुळाच्या वर लोखंडी ट्रे. त्या ट्रेमध्ये मी.

उभा जन्म कामतघरला कापडाचे लूम चालवले. लूम भंगारात गेले, मग इथं गवत कापायला आलो. तिकडे मशीन माझ्या हाताखाली होती. इथं मी दगडाच्या जागी, पायाखाली खिळे फिरतायत, धरायला काही नाही. ट्रॅक्टरवर शेठचा भाचा. एका हातात स्टिअरिंग, एका हातात मोबाईल. चहावाला पण हाक मारायला लागला, "ए वजन, चाय पी ले." तो चहा अजून माझ्या घशात आहे.

एकदा मी ताप घेऊन ड्युटीवर गेलो. उभं राहवेना. माझ्या जागी रघूला चढवलं. रघू माझ्या चाळीतला, माझ्यासारखाच लूमवरनं सुटलेला.

वळताना यंत्र जमिनीतून वर उचलायचं असतं. भाच्याने उचललं नाही, तसंच वळवलं. खिळे अडकले. यंत्राने हिसका दिला. रघूचा पाय घसरला तो रुळाखाली. चपलेसकट. खिळे आरपार. लूमच्या खडखडाटाने माझे कान गेलेत. ती किंकाळी मात्र मला ऐकू आली.

रघूला रिक्षात घातलं. धाकटा शेठ गवताकडे बघत होता.

"ए वजन. पाइप घे, रक्त धू. उद्या मॅच हाय."

मी पाइप फेकला. त्याने कानाखाली मारली. टोपी उडाली. परत हात उचलला, तेव्हा मी मनगट धरलं. पिरगळलं. तो गुडघ्यावर आला. तिथंच, रक्तात.

"धू आता," मी म्हणालो. "हात लावून बघ, दगडाचं हाय का माणसाचं."

त्याच्या चौघा माणसांनी मला लाथा घालून गेटबाहेर काढलं.

तसाच सुजलेल्या तोंडाने मी रघूच्या बायकोबरोबर पोलीस चौकीत गेलो. सगळं सांगितलं. भाचा पळाला. दुसरा ड्रायव्हर त्या यंत्राला हात लावेना. मैदानाचं काम अडलं. मग थोरल्या शेठचं बोलावणं आलं. मशीनवर जन्म काढलेला माणूस मीच उरलो होतो.

"तू चालवशील?"

"नीट शिकवा, चालवीन. पण त्याच्यावर माणूस चढणार न्हाय."

यंत्र विकणाऱ्यांचा मिस्त्री आला. मला अक्षरं लागत नाहीत. म्हटलं, तोंडी सांग, मी तुझ्यामागे म्हणतो. वळताना उचल. मागे माणूस दिसला की थांब. उतरायच्या आधी यंत्र खाली टेकव, इंजिन बंद, चावी खिशात. खिळ्यात माती अडकली तर चावी खिशात असल्याशिवाय हात घालू नको. चुकलो की तो थांबवायचा. मी परत पहिल्यापासून. मी हट्टी आहे. शिकलो. ट्रेमध्ये वाळूच्या गोण्या भरल्या, दोरीने आवळून बांधल्या.

परवा धाकटा शेठ आला. "खिळे खोल जात न्हायत. त्या नव्या माणसाला चढव." नवा माणूस, परमुलखातनं नुकताच कामाला आलेला, घाबरून चढलासुद्धा.

मी यंत्र टेकवलं. इंजिन बंद. चावी खिशात. खाली उतरलो.

"उतर भाई," मी त्याला म्हणालो. "ये आदमी की जगह नहीं."

तो उतरला.

"चावी दे," धाकटा शेठ म्हणाला.

"न्हाय." मी चावी खिशातून काढून मुठीत आवळली.

"हात तोडीन तुझा."

"तोड. इथंच उभा हाय."

तो शिव्या देत गेला. परत येईल. एकटा येणार नाही, हे मला माहीत आहे. रघू कुबडीवर आहे, मी अजून दोन पायांवर आहे. त्या ट्रेमध्ये वाळू बसेल, दगड बसेल. माणूस बसणार नाही. ज्याला माणूस चढवायचाय त्याने आधी माझ्या मुठीतून चावी काढावी. बोटं मोडावी लागतील. एकेक. मी मूठ उघडणार नाही.