जवसावरची हळद

२० जानेवारी १९५६. मी आणि माझी धाकटी जाऊ आमच्या खालच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, लाखोळीची भाजी खुडत होतो. धान कापायच्या आधीच चिखलात लाखोळी आणि जवस फेकलेलं होतं. जवस आता निळ्या फुलावर आलं होतं. तीन-चार दिवसांपासून आभाळ भरून होतं, पण पाऊस नव्हता. दुपार झाली तरी पानांवरचं दव वाळत नव्हतं.

बांधावर चढलो तेव्हा जाऊ हसली. "बाई, तुमच्या लुगड्याले तं हळद लागली! दुसरं लगन करून राह्यल्या का?"

काठ पाहिला. नारिंगी भुकटी. तिच्याही काठाला तीच होती. मी खाली उतरून जवसाचं पान उलटलं. खालून बारीक नारिंगी फोड. बोट लावताच फुटले.

तांबेरा. माहेरी, सावली गावाकडे, मी तो एकदा पाहिला होता. आधी पानं, मग देठं काळी पडली आणि दाणा भुशासारखा हलका झाला. तेलाच्या घाणीवाल्याने तो परत केला होता.

आमचं जवस गेलं असतं तरी आमचं भागलं असतं. जावेचं नसतं भागलं. दीर वारल्यापासून तिच्या वाट्याला बांधापलीकडची तेवढी एकच बांधी होती. त्या वर्षी तिच्या धानात लोंबीपेक्षा पोचट पळंजच जास्त. दोन पोरींचं वर्षभराचं तेल आणि पुढचं बी, सगळं त्या जवसावर होतं. आणि ती रोज आमच्या बांधीतून भाजी खुडून, तोच काठ घेऊन, आपल्या जवसातून घरी जात होती.

"उद्यापासून आमच्या बांधीत येऊ नको," मी म्हटलं.

तिचं हसू गेलं. "काऊन जी? माह्या पायानं इटाळ होते?"

"तुह्या पायानं काही होत नाई. आमचं जवस बिमार आहे. तुह्या जवसाले लागंल."

तिला पटलं नाही. विधवेला शेतात येऊ नको म्हटलं की तिला एकच अर्थ ठाऊक असतो. ओटीतली भाजी तिने बांधावर ओतली आणि निघून गेली.

घरी मालकांना सांगितलं की खालचं जवस उद्याच उपटायचं. ते बैलांना पाणी दाखवत होते.

"देवीनं हळद लावली थे. मंगळवारी पूजा होऊ दे, मंग हात लाव. तोवर कोणी इळा लावत नाई, तुले मालूम नाई का?"

"मंगळवारपर्यंत हवा थांबते का?"

ते बैल घेऊन गोठ्यात गेले. गावातल्या इतर बांध्यांतही पूजेची वाट पाहणं चाललं होतं. संध्याकाळी वारा सुटला. आमच्या बांधीकडून जावेच्या बांधीकडे वाहत होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी एकटी गेले. दव होतं तोवर भुकटी कमी उडेल, हा हिशेब. इळा नेला नाही, हातानेच उपटलं, तिच्या बांधाकडून सुरुवात करून. हिरवं जवस खाऊन ढोर मरतं, म्हणून कोपऱ्यात खड्डा केला आणि त्यात टाकून वर माती ओढत गेले. अर्धी पट्टी झाली तेव्हा जाऊ पलीकडे येऊन उभी राहिली. तिने पदर खोचला आणि बांध ओलांडायला पाय उचलला.

"तिथीच थांब," मी ओरडले. "आधी तुह्या जवसाची पानं उलटून पाह्य."

ती वाकली. मी पुढची मूठ उपटली.