तीन गाठींचं लाल सूत

शेवंताबाई माणसाच्या तोंडाकडं आधी बघायचीच नाही. आधी पोटरी, मग घोटा, मग हात, आणि सगळ्यात शेवटी तोंड. एकदा बाजारात मी माझ्या व्याह्यांची ओळख करून दिली, तर नमस्कार करता करता ही बाई त्यांच्या घोट्याकडं बघत म्हणते, "हे काय लागलंय? कुत्रं का?" व्याही बिचारे गडबडले. "नाही हो, नवीन चप्पल लागली." तेव्हा कुठं हिनं मान वर केली आणि तोंडभर हसली. "मग बसा की चहाला," म्हणाली. जसं काही कुत्रं चावलं असतं तर चहा मिळाला नसता.

आणि खरंच मिळाला नसता. आधी जखम धुणं, मग सगळं, असा तिचा नेम होता. भिवंडीतल्या एका सरकारी दवाखान्यात ती आया होती. सुईच्या खोलीबाहेर एक नळ होता, नळाखाली सिमेंटचा कट्टा, कट्ट्यावर कपडे धुवायच्या साबणाची वडी. त्या नळावर तिचं राज्य. डॉक्टर बदलले, नर्सबाई बदलल्या, पण चावलेला माणूस शेवंताबाईच्या नळावरून गेल्याशिवाय आत जात नसे.

मीही तशीच गेले. भाजीची पिशवी घेऊन घरी येत होते, गल्लीच्या तोंडाशी एक कुत्री पिल्लांना घेऊन बसलेली, मला दिसलीच नाही. पोटरीचा चावा घेतला. शेजारीण धावत आली, तिनं त्यावर चुना आणि हळद थापली, वर फडकं बांधलं. तशीच लंगडत दवाखान्यात गेले. शेवंताबाईनं फडकं सोडलं आणि विचारलं, "कुणी केलं हे?"

"शेजारणीनं."

"शेजारीण जीव लावणारी दिसते. पण पानाचा डबा उपडा केलाय की तिनं. चल, पाय इकडं."

पाय नळाखाली. साबण लावायचा, पाणी सोडायचं, परत साबण. समोरच्या भिंतीवर घड्याळ. "मोठा काटा तिनावर येईस्तोवर पाय काढायचा न्हाय," म्हणाली. मी बारावर काटा असताना बसले होते. आग आग होत होती, मी रडायला लागले. तर म्हणते, "रडतेस कशाला? कुत्रं चावलंय, चोरी न्हाय केलीस तू. धू." मग मला बोलतं ठेवायला माहेर कुठलं, मुलं किती, भाकरी कशाची खाता, सगळं विचारून घेतलं. काटा तिनावर आला तेव्हा आमची मैत्री झाली होती. आत डॉक्टरांनी दंडावर सुई दिली आणि जखम खोल म्हणून जखमेतही टोचलं. पट्टी मागितली तर शेवंताबाई दारातून ओरडली, "पट्टी न्हाय! उघडं ऱ्हाऊ दे, हवा खाऊ दे त्याला."

कापडाच्या लूमवरची माणसं यायची, बहुतेक परमुलखातली. एक जण हात मागं लपवून म्हणाला, "बाई, सिर्फ खरोंच है."

"खरोंच है तो खरोंच धो. साबुन सरकार का है, शरम काहे की?"

हसायचे लोक. पण पाय पुढं करायचे.

आता तिच्या गाठींबद्दल सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. कुत्रं चावल्यावर एक सुई घेऊन भागत नाही. पहिल्या दिवशी एक, मग तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि शेवटची अठ्ठाविसाव्या दिवशी. आणि लोक पहिली सुई घेऊन जे जातात ते जातातच. जखम सुकली की माणसाला वाटतं बरं झालं. कागदावर तारखा लिहून देतात, पण कागद खिशात, खिसा शर्टाला, शर्ट धुण्याच्या बादलीत. कुणाला वाचता येत नाही, कुणाची शिफ्ट बदलते. शेवंताबाईचा जीव तुटायचा. "पुढची सुई घेतली न्हाय तर धुतल्याचा काय उपयोग, वैनी?" मला म्हणायची. आमचं घर दवाखान्याच्या मागंच, ड्युटी सुटली की यायची.

मग तिनंच काढलं हे डोक्यातून. पहिली सुई झाली की मनगटात सूत बांधायचं, त्याला तीन गाठी. एकेका सुईला आली की एकेक गाठ ती स्वतः सोडणार. "गाठी संपल्या की कुत्रं संपलं," असं प्रत्येकाला सांगायची. आणि लोक यायला लागले हो! आंघोळ करताना, जेवताना, लूमवर हात चालवताना ते सूत डोळ्यांपुढं. "बाई, गाठ सोडा" म्हणत दारात उभे. डॉक्टरही म्हणाले, शेवंताबाई, हे बरं केलंत. दोन-तीन वर्षं छान चाललं.

सूत आधी पांढरं असायचं. ते मळायचं, चार दिवसांत काळं पडून तुटायचं. माझे मालक लूमच्या कारखान्यात होते, घरी उरलंसुरलं सूत पडलेलं असे. त्यात एक पक्क्या रंगाचं लाल होतं, चांगलं पिळदार. मीच म्हटलं, हे घेऊन जा, महिनाभर तुटायचं नाही. ती खूश झाली. दोघींपैकी एकीच्याही मनात दुसरं काही आलं नाही.

माझ्या मनात यायला हवं होतं. आमच्या घरात देवादिकांचे लाल दोरे चालतात. तिच्या मनात येणारच नव्हतं. तिच्या वडिलांच्या पिढीनं घरातले देव, गंडे, ताईत सगळं खाडीत सोडलं आणि बुद्धाला हात जोडले. दवाखान्यात कुणाच्या गळ्यात ताईत दिसला की ती म्हणायची, "ह्यानं ताप उतरत असता तर मला पगार कशाला दिला असता सरकारनं?" तिच्या घरी सूत म्हणजे फक्त सूत होतं.

दिघाशी गावचा हिरू नावाचा माणूस आला. चाळिशीचा, शेतात मजुरी करायचा आणि शेती नसेल तेव्हा मानकोलीच्या गोदामात माल उतरवायचा. गोदामातलं कुत्रं हाताला चावलं होतं. शेवंताबाईनं मोठा काटा फिरेपर्यंत हात धुतला. तो लाजरा, काही बोलेना, तर ही म्हणाली, "बायकोनं चावलं का रं? खरं सांग, सुई तीच हाय." तेव्हा हसला. सुई घेतली. तिनं तीन गाठींचं लाल सूत बांधलं, गाठी संपल्या की कुत्रं संपलं म्हणून सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि सूत कपाळाला लावून नमस्कार केला.

हा नमस्कार तिनं बघितला होता. नंतर कितीदा मला सांगितलं तिनं. "वैनी, त्यानं कपाळाला लावलं. मला वाटलं गरीब माणूस हाय, आभार मानतोय."

तिसऱ्या दिवशी तो आला नाही. सातव्या दिवशीही नाही. रजिस्टरवर फोन नंबर होता, तो लागेना. रोज इतकी माणसं, एक हिरू डोक्यातून निसटला.

दीड महिन्यानं त्याची बायको यमुना आणि गावातली दोघं जण त्याला रिक्षातून घेऊन आले. मी तिथंच होते, मालकांचा डबा द्यायला गेले होते, त्यांना दम्यासाठी ॲडमिट केलं होतं. हिरू भिंतीला चिकटून बसला होता. नर्सबाईंनी पाण्याचा पेला पुढं केला. पेला बघूनच त्याचा गळा आवळला, सगळं अंग उडालं. पंखा बंद करा, पंखा बंद करा म्हणाला. डॉक्टर खाली मान घालून फोन करायला गेले. रेबीजची ही लक्षणं दिसायला लागली की कुठल्याच डॉक्टरच्या हातात काही उरत नाही, एवढं शेवंताबाईला इतक्या वर्षांत कळलं होतं. मला तिच्या तोंडाकडं बघून कळलं.

तिनं त्याच्या मनगटाकडं बघितलं. लाल सूत तसंच होतं. त्याला हळदकुंकू लावलेलं, आणि तीनच्या तीन गाठी जागच्या जागी.

यमुना पुढं झाली. हात जोडून म्हणाली, "बाय, तुमच्या दोऱ्याची एक गाठ बी सोडली न्हाय आमी. पाणी बी लागू दिलं न्हाय. मंगळवारी धूप दाखवला. तरी आसं कसं झालं?"

शेवंताबाई वळली, नळावर गेली, आणि आपलेच हात साबण लावून धूत बसली. मी जाऊन नळ बंद केला तेव्हा तिला कळलं.

हिरूला ॲम्ब्युलन्सनं मुंबईला नेलं. दुसऱ्या दिवशी तो गेला.

शेवंता रात्रंदिवस एकच घोकत होती, माझ्या दोऱ्यानं गेला तो. मी म्हटलं, "सूत माझं होतं शेवंता, लाल मी दिलं." तर अंगावर आली. "सूत तुझं, गाठ माझी. गप ऱ्हा तू." त्या दिवसापासून तिनं सूत बांधणं बंद केलं. उरलेलं मला परत आणून दिलं. पण रडून मोकळं व्हायला तिला सवड नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, यमुनेनं त्याला हातानं भरवलं आहे, त्याची लाळ तिच्या हातांना लागली आहे, आणि हातांवर विळ्याच्या चिरा आहेत. तिला सुया घ्यायलाच हव्यात. आणि यमुना येत नव्हती. निरोप धाडला तर उलटा निरोप आला: त्यानं सुई घेतली आणि मेला, मी घेणार नाही.

शेवंताबाई मला म्हणाली, "वैनी, एसटीनं दिघाशीला जायचंय. एकटीनं जायला पाय उचलत न्हाय."

गेलो. यमुना ओट्यावर बसली होती. वाटेत मी शेवंताला समजावत होते, की बाई, सरळ सांग, नशिबात होतं, काही केलं तरी वाचला नसता. मला वाटलं, तेवढाच त्या बिचारीला दिलासा.

ओट्यावर बसल्यावर शेवंता म्हणाली, "यमुने, तो दोरा गंडा नव्हता. ती आठवण होती. गाठ सोडायची होती, माझ्याकडनं, दवाखान्यात येऊन. एका सुईला एक. हे नीट समजावून सांगायला मी चुकले."

यमुनेनं विचारलं, "म्हंजे गाठ सोडाया आला आसता तर वाचला आसता?"

मी मनात म्हटलं, शेवंते, नाही म्हण. एवढं एकदा खोटं बोल.

"हो," शेवंता म्हणाली. "बहुतेक वाचला असता. सगळ्या सुया घेतल्या की माणूस वाचतं. म्हणून तर तुला न्यायला आले."

तेव्हा मला कळलं. नाही म्हटलं असतं, तर सुईवर यमुनेचा विश्वास बसला नसता आणि ती मेली असती. हो म्हणायचं म्हणजे नवरा हातचा गेला हे तिच्या पदरात टाकायचं. तिसरी वाटच नव्हती. मी तिथं नुसती पदराला पीळ देत बसले.

यमुना उठली. आत गेली, लुगडं बदलून आली, चपला घातल्या. आमच्याबरोबर एसटीत बसली. शेवंतानं तिचं तिकीट काढलं, शेजारी बसवलं. भिवंडी येईपर्यंत एक शब्द नाही. सुई घेतली आणि निघून गेली. पुढच्या प्रत्येक सुईला शेवंता सकाळच्या गाडीनं दिघाशीला जायची आणि तिला घेऊन यायची. चारही सुया झाल्या. यमुना तिच्याशी एकदाही बोलली नाही. शेवटच्या दिवशी दंड पुसला, पदर घेतला आणि मागं न बघता गेली.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," शेवंता म्हणायची. "तिचा हक्क होता. ती बोलतच न्हाय, वैनी. मी काय करू?" पुढं शेवंता निवृत्त झाली, घरी बसली, साखर वाढली, पाय सुजले. तरी कधीकधी विचारायची, दिघाशीकडचं कोणी भेटलं का गं. यमुनेकडं चल म्हटलं की मात्र नको म्हणायची. "ती तोंड फिरवेल. मला बघवायचं न्हाय."

गेल्या भातलावणीच्या आधी शेवंता गेली. मुलगी जवळ होती. पंधरा दिवसांनी मला राहवेना, मी एकटीच दिघाशीला गेले. यमुना बांधावर बसून रोपांच्या मुठी बांधत होती. मी बातमी सांगितली. तिचा हात थांबला.

"कशानं?"

"साखर होती."

तिनं चिखलाचे हात लुगड्याला पुसले. मग म्हणाली, "मी त्यांच्यासंगं बोलले न्हाय. त्यांना वाटलं आसंल, राग हाय."

"तसंच वाटायचं तिला."

"राग नव्हता, बाय. त्या दारात आल्या की मला रडू फुटायचं. तोंड उघडलं आसतं तर बसूनच ऱ्हायले आसते, दवाखान्यात जाया पाय निघाला नसता. म्हनून दात आवळून बसायची मी एसटीत. म्हटलं, सुया होऊ दे, मंग येकदा जाऊन बोलू." तिनं अर्धी बांधलेली मूठ हातात घेतली. "मंग लावणी आली. मंग कापणी. आज जाऊ, उद्या जाऊ."

मी तिच्या शेजारी बांधावर बसले. दोघींच्या मधे रोपं. हे ऐकायला जी तळमळत होती ती पंधरा दिवसांमागं गेली होती, आणि आता हे मी ऐकून काय करायचं होतं?