सतरा नंबरचा हात

जोड पुरा झाला की टेकबहादूर हातमोजा काढायचा, गरम नळीजवळ उलटा हात धरायचा आणि हलकेच म्हणायचा, "नीज आता." अठरा वर्षांत हे कधी चुकलं नाही. लेकरू आहे का रे ते, म्हणून आम्ही चेष्टा करायचो.

शिरोलीत आमच्या कारखान्यात बॉयलर बनायचे. हा नेपाळचा वेल्डर, पण बोलायला आमच्याहून कोल्हापुरी. कुणी नुसतं 'बहादूर' म्हटलं की भडकायचा. तिकडचा वेल्डिंगचा पक्का दाखला होता त्याच्याकडं. इथल्या परवान्याच्या कचेरीनं तो उलटासुलटा करून परत दिला. तिकडचा कागद इकडं चालत नाही. बाहेर येऊन तो एवढंच म्हणाला, "लोखंड गाव इचारत न्हाय अण्णा, हात बघतंय."

कायदा मात्र नंबर बघतो. बॉयलरच्या जोडाशेजारी परवाना असलेल्या वेल्डरचा नंबर ठशानं ठोकावा लागतो. अवघड जोड तो करायचा, शेजारी माझ्या परवान्याचा सतरा नंबर मी ठोकायचो. मालकांना चालायचं, मलाही. एकदा निरीक्षकांनी जोडाचा एक्स-रे बघून विचारलं, हात कुणाचा? टेकबहादूरनंच माझ्याकडं बोट केलं. चारचौघांत शाबासकी मिळाली आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी दुसऱ्या दिवशी ठसा मीच ठोकला.

डोळे अधू झाल्यावर तो गावी परतला. तिथं वेल्डिंग शिकवायची एक जागा निघाली होती. जुन्या दाखल्यावर भागेना. भारतात काय काम केलं त्याचा पुरावा मागितला. त्यानं फोन केला. "त्या जोडांवरचा हात माझा हुता, एवढंच लिवून द्या की अण्णा."

लिहिलं असतं तर माझा परवाना गेला असता. निवृत्तीला दीड वर्ष होतं. उद्या देतो म्हणालो. तो दर महिन्याला फोन करायचा. आधी माझ्या गुडघ्याची चौकशी, मग कागदाची. माझं आपलं 'उद्या'च. पुढं त्यानं कागदाचं विचारणं सोडलं, गुडघ्याचं नाही. मग फोनच थांबले, आणि सांगायला लाज वाटते, मला सुटल्यासारखं झालं.

निवृत्त झालो त्याच आठवड्यात सगळं खरं लिहून पाठवलं. काही दिवसांनी त्याच्या लेकीचा फोन आला. इथंच वाढलेली पोर.

"कागद पोचला, काका. पर बा गेलाय, चार म्हैनं झालं. आता ह्यो कुनाला दावू?"

मी फोन कानाला धरून नुसता रडलो. ते बॉयलर अजून चालू आहेत. त्याचा एकही जोड फुटलेला नाही. सगळ्यांवर माझा नंबर आहे.