जमिनीत पुरलेला बनियन

आमच्या अंगणात आल्या की बाई आधी दोरीवरचे कपडे चिमटीत धरून चोळून बघायच्या. "पक्कं सुती हाय ना? टेरिकॉट असन तं मले नोका देऊ." मुलांनो, तुमच्या आजोबांचे किती बनियन असे गेले, ते त्यांनाच विचारा.

बाई म्हणजे आमच्या शेजारीण, वडनेरच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा गेल्यावर शेताचा एक तुकडा त्या स्वतः कसत. बाकीचं शेत दीर बघे. आखाडात त्या बनियन आपल्या तुकड्यात पुरत आणि पोळ्यानंतर उकरून काढत. मातीतले जिवाणू आणि बुरशी सूत खातात. कापड जितकं कमी उरेल, तितकी माती जिवंत. "जेवणारे हायेत का पाहू," म्हणत त्या खुरपं उचलत.

त्या तुकड्यात शेण, पालापाचोळा, पऱ्हाटीचा म्हणजे कपाशीच्या झाडांचा चुरा, सगळं बाई खड्ड्यात कुजवून घालायच्या. तिथून बनियनच्या फक्त शिवणी निघायच्या, कारण दोरा सुती नसे. एकदा त्यांनी दिराच्या वावरातही एक बनियन पुरला. तिथे वर्षानुवर्षं नुसती रासायनिक खतं. तो जवळजवळ अख्खा निघाला. बाईंनी तो धुतला, त्याला नीळ दिली आणि दिराकडे पाहुणे आलेले असताना त्याच्याच फाटकावर वाळत घातला.

"वहिनी, हे काय?"

"घाला तुम्ही. तुमच्या वावरात खायले कोणी उरलं नाई."

"कापूस तं येते ना माह्या वावरात?"

"पीक जेवते, भाऊजी. माती उपाशी राह्यते."

युरियाला त्या विष म्हणत नसत. गरज पडली तर थोडा स्वतःही टाकत. पण कुजलेलं काहीच न घालता नुसत्या गोण्या ओतल्या, तर मातीतल्या जिवांनी खायचं काय, एवढंच त्या विचारत.

मग त्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली. निघताना गाडीतून दिराला म्हणाल्या, "माह्या तुकड्यात काही टाकू नोका. खड्डा तेवढा भरत राह्यजा." तो हात जोडून हो म्हणाला. मी तिथेच उभी होते.

दोन पावसाळे गेल्यावर, पुढच्या आखाडात, बाई काठी टेकत परतल्या. खताचा खड्डा बुजवलेला, त्यावर पऱ्हाटी लावलेली. धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत तणनाशकानं पिवळं पडलेलं.

"काऊन केलं?"

"तुमचं काम हलकं केलं, वहिनी. खड्डा वास मारून राह्यला होता. आता आराम करजा."

किती गोड आवाज. तो आवाज आठवला की आजही माझं डोकं तापतं. वर गावातले लोक म्हणाले, बिचाऱ्यानं भावजयीसाठी किती केलं.

बाई रडल्या नाहीत. सरळ आमच्या अंगणात आल्या, दोरीवरचा बनियन ओढला आणि परत जाऊन दिरासमोर तो मातीत पुरला. मला म्हणाल्या, "पोळा झाला का तुम्ही काढजा. मी असो का नसो."

पोळ्याला त्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी आणि तुमचे आजोबा गेलो. दीर लांब उभा होता, हात मागे बांधून. मी उकरलं. बनियन निघाला, मातकट झालेला, पण अख्खा. झटकला तेव्हा काखेत दोन भोकं दिसली. माझे डोळे भरून आले. वाटलं, बाईंचे थोडे तरी जेवणारे मागे राहिलेत.

आजोबांनी तो हातात घेतला आणि एका भोकातून बोट घातलं. "हे तं पह्यलेचेच हायेत," ते म्हणाले.

मी तो धुतला, नीळ दिली आणि दिराच्या त्याच फाटकावर वाळत घातला. दीर रोज तो काढून आमच्या कुंपणावर फेकतो. रोज सकाळी चहा झाला की मी तो परत नेऊन घालते.