त्या दिवशी धुऱ्यावर मी जे बोलले

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सांगणारही नव्हते — पण आता बसलाच आहात, तर ऐका.

मी अमरावतीला राजापेठेत राहते, कॉलेजात कीटकशास्त्र शिकवते. नांदगाव खंडेश्वरकडच्या एका गावात मी कित्येक वर्षं जाळी घेऊन शिवार तुडवलं. कोणती मधमाशी कोणत्या फुलावर बसते, मातीत बीळ कुठे करते — हेच बघत. ते शिवार मला माझंच वाटायचं. मग अकोल्याची वर्षा आली. माझीच विद्यार्थिनी, पहिली माशी ओळखायला मीच शिकवलेली. तिच्याकडे ड्रोन होता.

ड्रोनला माश्या दिसत नाहीत. पण त्यांना लागतं ते सगळं दिसतं — फुलांचे पट्टे, झुडपं, बिळांसाठी मोकळी माती. एका सकाळीत तिने अख्ख्या शिवाराचे फोटो घेतले. नाल्याकाठच्या हिरव्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, सगळ्या माश्या इथूनच येऊन राहिल्या शेतात!"

मला हे माहीत नव्हतं का? होतं — बहुतेक होतं. पण असं दाखवता कधी आलं नव्हतं. कॉलेजात सगळे तिच्या लॅपटॉपभोवती जमले. मागून कुणीतरी मला म्हणालं, "जरा सरका मॅडम, दिसत नाही."

जळत होते मी. दुसरा शब्द नाही.

पुढच्या खेपेला वर्षा लांब ड्रोन उडवत होती आणि मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी होते. शेजारी सुधाकरभाऊ — नाल्याकाठचं शेत त्यांचंच, त्यात कोहळ्याचे वेल. कपाळाशी हात धरून वर बघत त्यांनी विचारलं, "ते काहून उडवून राहिली जी हे पोरगी?"

खरं सांगायला कितीसा वेळ लागला असता?

मी म्हणाले, "झाडी मोजून राहिली. झाडी दिसली का तेवढी जागा सरकारजमा होते — म्हणतात."

म्हणतात! कुणीही म्हणत नव्हतं. गावकरी तिला हाकलतील, असं वाटलं होतं मला — खोटं कशाला बोलू, तेच हवं होतं.

सुधाकरभाऊंनी तिला हाकललं नाही. जेसीबी आणला. रुई, बोरी, घाणेरी, तरोटा — सगळं मुळासकट काढलं, उरलं ते पेटवलं.

नंतरच्या फोटोंत तिथे नुसती काळी पट्टी आली. वर्षा मातीतच बसली. "मॅडम, असं काहून केलं असन त्यायनं?" मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "गावच्या लोकांना काय कळतं?"

हो — हेसुद्धा मीच म्हणाले.

तिने ते काम सोडलं. आता अकोल्याकडे फवारणीचे ड्रोन चालवते. दिवाळीला न चुकता फोन करते.

पुढच्या हंगामात सुधाकरभाऊंची कोहळी अंगठ्याएवढी व्हायची, पिवळी पडायची, गळायची. त्यांच्या घरच्या वहिनी सकाळी नर फुलं तोडून एकेका मादी फुलाला लावत हिंडायच्या. "माशा कुठी गेल्या जी, ताई?" भाऊंनी विचारलं.

"बघते," मी म्हणाले.

निघताना ते रस्त्यापर्यंत सोडायला आले. जी थोडी धरली होती, त्यातलं एक कोहळं त्यांनी माझ्या गाडीत ठेवलं. मी ते घेतलं. घरी नेऊन भाजी केली.