वायरमन मामांचे बिनवायरचे दिवे

वायरमन मामा निवृत्त झाले, पण त्यांच्या शर्टाच्या खिशातला टेस्टर काही निवृत्त झाला नाही. कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी तिला टेस्टर लावायचा, हा त्यांचा शिरस्ता. आमच्याकडे चहाला आले की आधी फ्रिजची तपासणी व्हायची, मग ते खुर्चीवर बसायचे. शाळेच्या स्नेहसंमेलनाला बोलावलं, तर बक्षिसांचं लोखंडी टेबल तपासल्याशिवाय त्यावर हात ठेवला नाही. मी त्यांची शेजारीण आणि शाळेतली बाई, त्यामुळे पोरांना हसू नका म्हणायचं कामही माझ्याच वाट्याला आलं.

याहून मोठी गंमत दुसऱ्या सवयीची. बटण बंद असो, फ्यूज काढलेला असो, कामाला हात घालताना मामा आतल्या खोलीकडे तोंड करून विचारत, "लाइन बंद हाय का?" आणि आतून मामी सांगत, "बंद हाय. लावा हात." मिक्सर उघडताना हे ठीक होतं, पण भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलतानाही हेच चालायचं. मी एकदा चिडवलं, तर म्हणाले, "बाई, खांबावर चढलेल्या माणसाचा जीव खालच्याच्या तोंडात ऱ्हायतो. त्यानं बंद हाय म्हणलं तर बंद. म्हणून इचारायचं, अन् भरवशाच्या माणसालाच इचारायचं." भाजी निवडणाऱ्या मामींनी मान वर केली नाही, पण त्या दिवशी मला चहा दोनदा मिळाला.

कळमनुरीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. मामांच्या अंगणातली बाग मात्र सगळी मामींची. मोगरा, सदाफुली, जास्वंद, एक लिंबू आणि पाण्याचा छोटा हौद. त्या हौदावरच मामी घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि चालणं कायमचं सुटलं. मामांनी त्यांची खाट बागेकडच्या खिडकीशी लावली, पण आमच्याकडचं ऊन कुणाचं ऐकतं? झळांमुळे दिवसभर खिडकी बंद, वर पडदा. उघडायची ती दिवेलागणीनंतर, आणि तोवर बाहेर अंधार. पुढे पुढे मामी खिडकी उघडूच देईनात. "उघडून काय बघू, काळं?" म्हणायच्या. मग बोलणंही कमी झालं, जेवण दोन घासांवर आलं. आयुष्यभर खांबांवर चढलेला हा माणूस मला तेव्हा पहिल्यांदा घाबरलेला दिसला.

तेव्हा मामांनी बागेत सोलरचे दिवे लावायचं ठरवलं. वायरमनच्या घरी बिनवायरचे दिवे म्हटल्यावर गल्लीला हसायला विषय मिळाला. मामा शांतपणे म्हणाले, "जनमभर लोकाईची लाइन मीच बंद केली. तिचा भरवसा मला काहून सांगून राहिले?"

निवडीसाठी हिंगोलीच्या एका दुकानात तीन चकरा झाल्या. पहिल्या खेपेला मी सोबत होते. रंग बदलणारे दिवे पाहून मामा म्हणाले, "घरासमोर कायमचं लगीन लागून राहिलं काय?" पांढरे दिवे त्यांनी हातातच घेतले नाहीत. "हा दवाखान्याचा उजेड हाय. तिनं लय बघितला." शेवटी पिवळ्या उजेडाचा, जमिनीत खोचायचा छोटा फोकस पसंत पडला, पण तोही नमुना म्हणून घरी आणला, दोन संध्याकाळी मामींना दाखवला आणि परत नेला. दुकानदार चाचा वैतागून म्हणाले, "मामा, बेटी का रिश्ता देखने भी इतने चक्कर नहीं मारे मैंने." मामा म्हणाले, "रिश्ता कवाचाच झाला चाचा. पसंती विचारायची राहिली होती."

शेवटी तेच पिवळे दिवे आले आणि मामांनी ते असे काही लावले की माझं डोकं फिरलं. पायवाटेवर एकही नाही. दोन मोगऱ्यामागे, एक हौदाच्या कडेला वाकडा, एक लिंबाच्या बुंध्याशी. फाटकाजवळचा तर येणाऱ्याच्या थेट तोंडावर. रस्त्यावरून बघणाऱ्याला सगळा गोंधळ दिसायचा. मला वाकडी ओळ सहन होत नाही, प्रार्थनेलाही माझी पोरं हातभर अंतर राखून उभी असतात. मामा-मामी तपासणीसाठी नांदेडला गेले आणि झाडांना पाणी घालायला फाटकाची किल्ली माझ्याकडे आली. मी दोरी धरून सगळे दिवे उपटले आणि पायवाटेच्या दोन्ही बाजूंना सरळ रांगेत लावले. स्वतःवर इतकी खूष मी क्वचितच झाले असेन.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते परतले. मामांनी बाग पाहिली आणि म्हणाले, "ब्येस दिसून राहिलं, रोडावरून." मी कौतुक ऐकायला आत गेले. मामी खाटेवर टेकल्या होत्या, खिडकी उघडी होती. "बाई," त्या हळूच म्हणाल्या, "माझा मोगरा कुठं गेला?" मी त्यांच्या उशाशी बसून बाहेर पाहिलं. तिथून दिसत होता तो लिंबाच्या झाडाचा काळा गोळा आणि त्याच्यापलीकडे दिव्यांच्या पाठी. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मामा एका शब्दानं रागावले नाहीत. रबरी चपला घालून बाहेर गेले, पहिल्या दिव्याशी वाकले आणि खिडकीकडे तोंड करून विचारलं, "लाइन बंद हाय का?"

"बंद हाय. लावा हात."

"हितं?"

"जरा डावीकडं."

एकेक दिवा हलत गेला आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या चौकटीत बाग उगवत गेली. आधी मोगरा, मग हौदातलं पाणी, मग सदाफुली. शेवटी फाटकाजवळचा दिवा लागला. फाटकात कोण आलं, त्याचं तोंड आता खाटेवरून स्वच्छ दिसत होतं. मामा बाहेरून आले की फाटकाशी उगाच थांबतात, ते दम लागल्यामुळे, असं मी समजत होते. ते मामींना दिसावं म्हणून थांबत होते. त्या रात्री मामी पोळी मागून जेवल्या.

मामा मागच्या हिवाळ्यात गेले, झोपेतच, कुणाला तकलीफ न देता. टेस्टर खुंटीवरच्या शर्टात तसाच आहे. पुण्याचा मुलगा मामींना न्यायला आला होता, पण त्या खिडकी सोडून जायला तयार झाल्या नाहीत. आता पोळी-भाजी द्यायला मी रोज जाते, आणि फाटकाशी थोडी थांबते.

परवा संध्याकाळी मामी म्हणाल्या, "बाई, मोगरा लय वाढला. दिवा झाकला गेला, जरा सरकवता का?" मी बाहेर गेले. तळहाताएवढा दिवा, त्याला कुठून शॉक लागणार? तरी वाकले आणि हात मधेच थांबला. खिडकीकडे तोंड करून मी विचारलं, "मामी, लाइन बंद आहे का?"

मी तशीच वाकून राहिले.

मग आवाज आला, "बंद हाय. लावा हात."